दहानंतरची दोन बोटे

उन्हाळ्यात धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, वाळत घातले की मी ते बाराबाराने मोजते. माझी जाऊ विसाने मोजते. दोन विसा, तीन विसा. शेजारच्या मारवाडी दुकानदाराची सून शेकड्याने मोजते. माझ्या बाराचं कुणाला नवल वाटत नाही. कासार बांगड्या डझनाने देतो, केळी डझनाने मिळतात, तशीच हीही मोजते, एवढंच त्यांना वाटतं. मी काही सांगायला जात नाही. बोलायला मला आजवर जमलेलं नाही. लिहायला थोडं जमतं, म्हणून लिहून ठेवते आहे. कुणी वाचावं असा हेतू नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, माहेरी असोद्याला झालं. मुलींची वेगळी शाळा तेव्हा नव्हती. मुलांच्याच शाळेत भिंतीला लागून आम्हा तिघी-चौघींना बसवत. मास्तरांनी प्रश्न विचारला की उत्तर मला येत असे, पण तोंडातून निघत नसे. मग मी ते पाटीवर लिहायची आणि पाटी छातीशी धरून नुसती उभी राहायची. मास्तर वाचायचे आणि म्हणायचे, बस. त्यांनी मला कधी बोलायला लावलं नाही, हे त्यांचे उपकार.

एकदा त्यांनी फळ्यावर नवाचा पाढा उभा लिहिला आणि यात काय दिसतं ते सांगा म्हणाले. मुलं पाढा म्हणून दाखवायला लागली. मी पाटीवर लिहिलं : अठरा, एक आणि आठ, नऊ. सत्तावीस, दोन आणि सात, नऊ. छत्तीस, तीन आणि सहा, नऊ. एक बाजू चढते, दुसरी उतरते, आणि मिळवणी हलत नाही. मास्तरांनी पाटी सगळ्यांना दाखवली. म्हणाले, नऊ कुठेही गेला तरी आपली ओळख विसरत नाही. त्या दिवशी घरी जाताना मी पायाखाली न बघता चालले होते, इतका मला आनंद झाला होता.

पुढे लग्न होऊन मी धुळ्याला आले. पांझरेच्या काठाला आमचं घर, थोडी शेती, घरात माणसं पुष्कळ. ‘मला’ याला आमच्याकडे ‘मले’ म्हणतात, इथे ‘माले’. मी तोंड उघडलं की दीर-नणंदा हसायच्या. मी तोंड उघडणं कमी केलं. सासूला आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्यांनी माझं नाव मुकी ठेवलं आणि ते चिकटलं.

या घराची एक रीत आहे. नवी सून उंबरा ओलांडून आली की तिचा उजवा हात हळदीत बुडवून देवघराच्या भिंतीवर पंजा उमटवतात. भिंत दरवर्षी सारवतात, पण पंजे सोडून. आत्याबाईंचा पंजा तिथे होता, त्यांच्या सासूचाही होता, आणि माझाही उमटला. खानदेशात बऱ्याच घरांतून ही रीत आहे. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

मला एकच मूल झालं, मुलगी. सुईणीने तिला पुसून माझ्याजवळ दिलं. मग तिने फडक्यातून एकेक हात बाहेर काढून दाखवला. दोन्ही हातांना करंगळीच्या शेजारी आणखी एकेक बोट होतं. बारीक, पण पूर्ण. पेरं होती, नख होतं, आणि मी माझं बोट लावलं तर ते वाकून माझ्या बोटाला धरू पाहत होतं.

सुईण म्हणाली, “घोडाना केस बांधी देऊत. वाळीसन आपोआप गळी जाई.”

तसं करतात. केस आवळून बांधला की बोट काळं पडतं आणि काही दिवसांनी झडतं. तिने बांधलाही. पोर रडून रडून निळी पडली आणि तिच्या अंगात ताप भरला. तेव्हा तिच्या वडिलांनी सुरीच्या टोकाने तो केस कापून टाकला. मोठ्यांच्या पुढे न बोलणारा माणूस, पण त्या दिवशी म्हणाले की राहू द्या, हिच्या लग्नाच्या वेळी पाहू. आत्याबाईंनी तोंड फिरवलं. मी मनात म्हटलं, लग्नापर्यंत तरी माझी पोर पूर्ण राहील.

ती पाचेक वर्षांची झाली तेव्हा मी तिला मोजायला शिकवलं. शाळेत घालायला कुणी तयार नव्हतं, मुलं हातांकडे बघून चिडवतील म्हणून. मग माझी जुनी पाटी मी पेटीतून काढली. तिचं एकेक बोट धरून एक, दोन, तीन म्हणत गेले. दहापर्यंत आलो तरी दोन बोटे उरलीच. मी तिला सांगितलं की दहा झाले की एकावर पूज्य लिहायचं आणि पुन्हा पहिल्या बोटापासून सुरू करायचं. तिने उरलेल्या दोन बोटांकडे पाहिलं आणि विचारलं की मग यांना बाहेर का ठेवायचं, ही काय रुसली आहेत का.

मास्तरांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं की दहालाच एकावर पूज्य का. मी विचार केला, दहा बोटांच्या माणसाने हात भरला की पूज्य घातलं असेल. हिचे हात बाराला भरतात. मग हिचं पूज्य बाराला. मी पाटी पुसली आणि नव्याने लिहिलं. एकावर पूज्य, बारा. दोनावर पूज्य, चोवीस. फक्त दहा आणि अकरा यांना तिच्या मोजणीत एकेकटा आकडा हवा होता, कारण ते अजून हाताच्या आतच होते. दहासाठी तिने टिकली काढली आणि अकरासाठी चांदणी. तेच आमचे आकडे.

माझी अडचण अशी की मला बोटे दहाच. तिच्यासारखं मोजायला लागले की दहाला माझे हात संपायचे. मग मी उजवीकडे हात नेऊन तिच्या करंगळीशेजारच्या बोटाला हात लावायची, अकरा. आणि दुसऱ्या हाताच्या, बारा. म्हणून ती नेहमी माझ्या उजव्या हाताला बसायची. स्वयंपाकघरात, शेतात शेंगा तोडताना, धाब्यावर, कुठेही. माझे दहा होत आले की न बघता हात पुढे करायची. आत्याबाई म्हणायच्या की पोर माईच्या पदराला शिवून घेतली आहे.

घराला जसे खण असतात, तसं आम्ही या मोजणीला बारा खणांचं घर म्हणायचो. लोकांचं घर दहा खणांचं. तीच माणसं, म्हणजे तेच आकडे, दोन्ही घरांत राहतात, पण जागा बदलली की वागणं बदलतं, हे आम्हाला हळूहळू कळत गेलं. तिला माझ्या आधी कळायचं.

एक दिवस आम्ही धाब्यावर होतो. मी तिला मास्तरांची नवाची गंमत सांगितली होती. तिने ती आपल्या घरात करून पाहिली आणि नऊ तिथे काही ओळख ठेवत नाही म्हणून हिरमुसली. मग कोळशाने धाब्यावर काहीतरी लिहीत बसली. बऱ्याच वेळाने मला ओढत घेऊन गेली.

“माय, मना घरमा अकरा म्हनजे नऊ शे.”

तिने अकराचा पाढा आपल्या आकड्यांत मांडला होता. अकरा दुणे बावीस, म्हणजे एक डझन आणि दहा; मिळवणी अकरा. अकरा त्रिक तेहेतीस, म्हणजे दोन डझन आणि नऊ, पुन्हा अकरा. मग तीन डझन आठ, चार डझन सात, पाच डझन सहा. एक बाजू चढत होती, दुसरी उतरत होती. मी तुरीचे दाणे घेऊन डझनाचे ढीग करत बसले, कारण माझा विश्वास बसेना. शेवटपर्यंत बरोबर आलं. मास्तर म्हणाले होते ती ओळख नवाची नव्हतीच. घरातला जो शेवटचा, दाराला लागून राहणारा, त्याची ती होती. दहा खणांच्या घरात तो नऊ असतो, हिच्या घरात अकरा. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली की तिला ते मघाशीच कळलं होतं.

पाचाचे मात्र तिथे हाल होते. लोकांच्या घरात पाच म्हणजे मोठा मानकरी. पाच, दहा, पंधरा, वीस. एकदा मधल्या खणात, एकदा दारात. तिच्या घरात पाचापाचाने चालत गेलं की उरलेला आकडा असा येतो : पाच, दहा, तीन, आठ, एक, सहा, अकरा, चार, नऊ, दोन, सात. प्रत्येक खणात एकदा डोकावून मगच तो दाराशी पोचतो. ती हसून म्हणायची, बिचाऱ्या पाचाला घर सापडत नाही. तीन, चार, सहा मात्र तिथे सुखात असत. ते दोन-चार पावलांत घरी येत.

बिबड्यांचीही एक गंमत तिचीच. जितक्या ओळी तितक्याच ओळीत बिबड्या, अशा चौकोनात मांडल्या आणि डझन बाजूला काढले, तर मागे एक तरी उरते, चार उरतात, नऊ उरतात, नाहीतर काहीच उरत नाही. दुसरं काही उरतच नाही. पाच ओळी पाच बिबड्यांच्या घातल्या तर एक उरते. सहाच्या घातल्या तर काही नाही. सातच्या घातल्या तर पुन्हा एक. आम्ही त्या उन्हाळ्यात इतके चौकोन मांडले की आत्याबाईंना वाटलं, पोर कामाला लागली.

घरात नाना होते, माझे चुलत सासरे. सगळं घर त्यांच्या शब्दावर चाले. बोलणं थट्टेचं. एकदा त्यांनी तिला जवळ बोलावून विचारलं की तुझी बोटे किती, सांग बरं. तिने पाटी पुढे केली. तीवर एकावर पूज्य होतं. नाना खूश झाले. दहा, शाबास, म्हणाले. मग त्यांची नजर तिच्या हातांवर गेली आणि त्यांनी पाटी पुन्हा पाहिली. ती पळत माझ्याकडे आली आणि पदरात तोंड घालून हसत राहिली. तिचं तसं हसणं मला अजून ऐकू येतं.

ती लुगडं नेसायला लागली आणि स्थळं बघायचं बोलणं निघालं. जामनेरकडचं एक चांगलं शेतकरी घर होतं. मध्यस्थ म्हणून आमच्याच नात्यातले एक गृहस्थ होते. त्यांनी येऊन सांगितलं की मंडळी येतील, मुलीचे हात पाहतील. एवढंच सांगितलं आणि जेवून गेले. हात पाहतील, हे ऐकल्यापासून घरात दुसरं बोलणं नव्हतं. का पाहतील, हे त्यांना विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही. आपल्या घरात जी गोष्ट लपवायची, ती दुसऱ्याच्या घरातही लपवायचीच असणार, असं सगळे धरून चालले.

ओसरीवर सगळे बसले होते. मी दाराच्या आड उभी होते. आत्याबाई म्हणाल्या, “सहा बोटेसना पंजा कोनी भितवर देखा शे का?” नव्या सुनेचा पंजा भिंतीवर उमटणार, तो पिढ्यान्पिढ्या राहणार, येणारे-जाणारे पाहणार. नाना म्हणाले की सरकारी दवाखान्यात बोट काढतात, भूल देऊन, चार टाके घालून. मंडळी यायच्या आत जखम भरेल.

तेव्हा मी दारातून पुढे आले. त्या घरात पुरुषांच्या समोर माझा आवाज निघाला तो तेव्हा एकदाच. मी म्हटलं, “तिची बोटं राहू द्या. ती त्यांच्यावर मोजते.”

मुकी बोलली याचंच नवल जास्त होतं. मग नाना म्हणाले, “मंग काय, पोरले तलाठी करनी शे का?”

सगळे हसले. वाईट हसू नव्हतं ते. माझी थट्टा करून मला परत आत पाठवायचं होतं, इतकंच. पोरीचे वडील हसले नाहीत. ते खाली बघून जोंधळ्याचं एक धाट सोलत राहिले. नंतर चुलीपाशी येऊन मला म्हणाले की भूल देतात, तिला काही कळणार नाही. माझ्यावर दया करून म्हणाले, हे मला समजत होतं.

बायकांनी दवाखान्यात सोबत जायची रीत नव्हती, म्हणून मी घरीच राहिले. ती छकड्यात बसून वडिलांबरोबर आणि नानांबरोबर गेली. आली तेव्हा दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले, फुटलेल्या कापसाच्या बोंडांसारखे. तिला हाताने जेवता येईना, म्हणून मीच भरवत असे. एका घासाशी ती थांबली आणि विचारलं की आता किती. मी म्हटलं, बारा, वरून दिसत नाहीत, आतून बाराच.

मी तिचं मन राखायला म्हटलं होतं, पण ते खरं निघालं. पट्ट्या सुटल्या, जागा गुलाबी आणि गुळगुळीत झाली, आणि ती एक दिवस म्हणाली, “माय, सहावं बोट खाजस.” ती त्या रिकाम्या जागी खाजवत होती. बोट तिला जाणवत होतं, वाकत होतं, थंडीत गारठत होतं. तिने लगेच मोजून पाहिलं आणि बाराही बोटे आपल्या जागी सापडली. मी दहा मोजून उजवीकडे हात नेला, तर तिने आपला हात पुढे केला आणि मी त्या गुळगुळीत जागेवर बोट टेकवलं, अकरा. दुसऱ्या हातावर, बारा. आम्ही दोघी हसलो. मला वाटलं, त्यांनी नेलं ते नुसतं हाड आणि कातडं. आमचं घर उभं आहे.

जामनेरची मंडळी आली. दोन पुरुष ओसरीवर बसले आणि नवऱ्या मुलाची आजी आत माजघरात आली. उंच, वाळलेली, पांढऱ्या केसांची बाई. तिची बोली माझ्या माहेरासारखी होती. ती ‘मले’ म्हणाली तेव्हा मला एकदम बरं वाटलं. तिने पोरीला जवळ बसवून घेतलं आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. उलटे केले, सुलटे केले. मग करंगळीशेजारच्या जागेवरून अंगठा फिरवला. जागा अजून कोवळी होती.

“कुठी गेले?” तिने विचारलं.

आत्याबाई काहीतरी सांगू लागल्या, लहानपणी भाजलं होतं वगैरे. म्हातारीने त्यांना बोलू दिलं. मग सावकाश म्हणाली, “माह्या सासूले बारा बोटं व्हते. तिचा पंजा अजून आमच्या भितीवर हाये. तुमच्या पोरीचं कानावर आलं, म्हणून त आम्ही आलो.”

ती आमच्यावर रागावली नाही. म्हणाली की सासू होती तोवर घर भरलेलं होतं. ती गेल्यावर तिच्या पंजाशेजारी तसाच दुसरा पंजा उमटावा अशी त्यांच्या घरात फार दिवसांची आस होती. मध्यस्थांनी हे आम्हाला सांगितलंच असेल असं तिला वाटलं होतं. मध्यस्थांना वाटलं असणार की मुलीच्या घरच्यांना आपल्या मुलीची किंमत माहीत असतेच. तिने पोरीची नारळाने ओटी भरली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि गेली. पुढे निरोप आला नाही. आम्हीही विचारला नाही. घरात त्या दिवसाबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही. नानांची थट्टासुद्धा काही दिवस बंद होती.

त्या संध्याकाळी मी चूल पेटवत होते. पोर मागे येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती.

“म्हनजे माय, ती बोटे कोनले तरी पाहिजे व्हतात?”

मी म्हटलं की मला पाहिजे होती. पहिल्या दिवसापासून पाहिजे होती.

ती म्हणाली, “तू त माय शेस.”

एवढंच म्हणाली आणि पाणी आणायला गेली. मी चुलीत फुंकर घालत राहिले. आईला पाहिजे असणं कुणी धरत नाही, हे तिला इतक्या लहान वयात कळायला नको होतं.

त्यानंतर तिला सहावं बोट कधी खाजलं नाही, किंवा खाजलं असलं तरी तिने सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली की कसलं बोट. पुढच्या उन्हाळ्यात बिबड्या मोजायला बसलो तेव्हा ती माझ्या उजवीकडे बसली नाही. जावेच्या शेजारी बसली आणि तिच्यासारखी मोजू लागली. एक विसा, दोन विसा. माझे दहा झाले आणि माझा हात सवयीने उजवीकडे गेला. तिथे रिकामं सूप होतं. बोटे तिची दवाखान्यात गेली हे खरं, पण आमचं बारा खणांचं घर पडलं ते त्या उन्हाळ्यात.

मला पुष्कळदा वाटलं की तिच्यासमोर पाटी ठेवावी, अकराचा पाढा मांडावा, टिकली आणि चांदणी काढून दाखवावी. पण ज्या दाराला आतून कडी लागली आहे ते बाहेरून वाजवायचं धैर्य माझ्यात नव्हतं. आणि तिचं खरंही होतं. त्या घराचा रस्ता त्या बोटांवरूनच जात होता.

वरणगावकडचं स्थळ मिळालं आणि तिचं लग्न झालं. माणसं चांगली आहेत. त्यांच्याही घरी पंजाची रीत आहे. पुढे एकदा जाण्याचा योग आला तेव्हा मी देवघराच्या भिंतीशी जाऊन पाहिलं. तिचा हळदीचा पंजा सुरेख उमटला आहे, पाच बोटांचा, इतरांच्या पंजांसारखाच. कुठला तिचा ते मला दाखवावं लागलं.

तिला मुलगी झाली तेव्हा मी बाळंतपणाला होते. सुईणीने बाळ हातात दिलं आणि मी सगळ्यात आधी बोटे मोजली. दहा होती. मी देवाचे आभार मानले, आणि मग मला इतकं रडू आलं की सुईणीला वाटलं, नातीऐवजी नातू हवा होता.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ती दरवर्षी येते. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. ती आता झोक्यावर बसत नाही, लेकीला बसवते. मोठी झाली आहे, अंगाने भरली आहे, बोलणं स्पष्ट आणि ठसठशीत. माझ्यावर गेली नाही, हे बरं झालं. माझी काळजी घेते, माझ्यासाठी लुगडं आणते, माझे गुडघे दुखतात म्हणून मला धाब्यावर चढू नको म्हणते.

या आखाजीला मी चढले. आधी घातलेल्या बिबड्या वाळल्या होत्या, मोजून डब्यात भरायच्या होत्या. ती आधीच वर आलेली होती आणि त्या दिवशीच्या ओल्या बिबड्या उलटत होती. माझ्यासाठी तिने खाटेच्या सावलीत जागा केली. मी बसले, आणि कसं कोण जाणे, ती माझ्या उजव्या हाताला आली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. खाली पोरींची गाणी चालली होती. ती तिच्या सासरच्या जावांबद्दल काही सांगत होती आणि मी मोजत होते. सात, आठ, नऊ, दहा. माझा हात उजवीकडे गेला आणि तिच्यापुढे उघडा राहिला.

तिचं बोलणं थांबलं. तिने माझ्या हाताकडे पाहिलं.

“पानी पाहिजे का तुले, माय?” ती म्हणाली आणि शेजारचा तांब्या उचलून माझ्या हातात दिला.

ती विसरली होती की विसरल्यासारखं करत होती, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. तिच्या चेहऱ्यावर माझी काळजी होती, उन्हात चढून आल्याची. तहान मला नव्हती. मी सगळं पाणी प्यायले.

तांब्या परत घ्यायला तिने एक हात पुढे केला. देताना तिच्या करंगळीशेजारची ती गुळगुळीत जागा माझ्या बोटाला लागली. मी मनात म्हटलं, अकरा.

बारावं तिच्या दुसऱ्या हातावर होतं, आणि त्या हाताने ती बिबड्या उलटत होती.